मोटारीतील गाण्याची सरहद्द

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या सडकेवर, पैनगंगेच्या खोऱ्यात, कनेरगाव नाका ह्या नावाचे गाव आहे. आज ही सडक अकोल्याहून नांदेडमार्गे तेलंगणात उतरणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा भाग असून हिंगोली व वाशीम ह्या दोन जिल्ह्यांची हद्द ह्याच टापूत आहे. हे दोन्ही जिल्हे वयाने लहान. वाशीम १९९८ सालचा आणि हिंगोली १९९९ सालचा. हद्द मात्र त्यांच्याहून पुष्कळ जुनी होय. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले आणि तेव्हापासून सुमारे शतकभर ह्या सडकेच्या एका टोकास एक राज्य व दुसऱ्या टोकास दुसरे राज्य अशी स्थिती राहिली. निजामी मुलखात जकातीचे खाते स्वतंत्र होते. त्यास करोडगिरी म्हणत. नाणेही निराळे होते. इकडे हाली रुपया, तर तिकडे कलदार. आणि सात हाली रुपयांस साधारणपणे सहा कलदार असा भाव असे. सरहद्द ओलांडू पाहणाऱ्या व्यापाऱ्यास आपले गाठोडे सोडून दाखवावे लागे आणि खिशातील नाणे मोडून घ्यावे लागे. वस्तू तीच, तिचा धनीही तोच. परंतु अनुज्ञेवाचून तिला पुढे वाट नसे.

अशीच एक सरहद्द, कोणाच्या ध्यानीमनी येणार नाही अशा ठिकाणी, गेल्या शतकात उभी राहिली. ती म्हणजे मोटारीच्या दर्शनी फळीत कारखान्यानेच बसवून दिलेले गाण्याचे यंत्र. प्रवाशाच्या खिशात त्याचे स्वतःचे गाणे वाजविणारी डबी असावी, समोर उत्तम आवाजाचे स्पीकर असावेत, दोहोंमध्ये वीतभर अंतर असावे, आणि तरीही खिशातले गाणे स्पीकरपर्यंत पोहोचू नये, हा अनुभव वीस-पंचवीस वर्षांपूर्वी असंख्य लोकांनी घेतला. ही सरहद्द कशी उभी राहिली आणि सामान्य माणसाने एका बारीकशा तारेच्या साहाय्याने ती कशी ओलांडली, हा इतिहास मनोरंजक आहे. तो केवळ यंत्रांचा मात्र नव्हे. चालत्या गाडीत कोणाचे गाणे ऐकू यावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

आरंभी मोटारीत गाणे नव्हतेच. १९२० नंतरच्या दशकात काही हौशी लोकांनी घरातील रेडिओ गाडीत ठेवून पाहिले. पण दोन अडचणी आडव्या आल्या. इंजिनात पेट्रोल पेटविण्यासाठी ज्या ठिणग्या सतत पडतात त्यांच्यापासूनही विद्युल्लहरी निघतात आणि त्या रेडिओत खरखर होऊन उमटतात, ही पहिली. त्या काळच्या रेडिओतील काचेच्या नळ्यांना लागणारा विजेचा दाब गाडीच्या साध्या बॅटरीतून मिळत नसे, ही दुसरी. अमेरिकेतील शिकागो येथे पॉल गॅल्विन व जोसेफ गॅल्विन ह्या बंधूंचा एक लहानसा कारखाना होता. त्यांच्या मंडळींनी ह्या अडचणींवर उपाय काढले, आणि १९३० साली अटलांटिक सिटी येथे रेडिओ-कारखानदारांचे संमेलन भरले असता पॉल गॅल्विन आपल्या मोटारीत रेडिओ बसवून तेथे गेले. मंडपात जागा घेतलेली नव्हती. तेव्हा गाडी बाहेर उभी करून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांस रेडिओ ऐकविला. त्यास त्यांनी मोटोरोला हे नाव दिले. किंमत ११० ते १३० डॉलर होती. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हा रेडिओ मोटारीच्या कारखान्याने दिलेला नव्हता. तो मालकाने मागाहून, कारागिराकडून, फळी कापून व तारा ओढून बसवून घ्यावयाचा होता. म्हणजे मोटारीत गाणे शिरले तेच मुळी बाहेरून जोडलेल्या तारेवाटे.

परंतु रेडिओने गाणे दिले तरी निवड दिली नाही. जे केंद्र लावील तेच ऐकावयाचे. केंद्राचे धोरण कोठपर्यंत पोहोचू शकते ह्याची दोन उदाहरणे आपल्याकडचीच आहेत. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला आपल्या कार्यक्रमांत मज्जाव केला आणि घरोघरच्या भजनात व संगीत नाटकांत रुळलेली पेटी पुढे कित्येक वर्षे आकाशवाणीवर अस्पृश्य ठरली. १९५२ नंतर, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री असताना, चित्रपटगीतांस आळा घातला गेला. तेव्हा श्रोत्यांनी सुई फिरवून थेट सिलोन गाठले. अखेरीस ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती सुरू झाली आणि रुसलेला श्रोता परतू लागला. केंद्र चालविणाऱ्यांचे हेतू वाईट होते असे नाही. अभिरुची उंचावावी हीच त्यांची इच्छा होती. परंतु श्रोत्याची आवड ही वाहत्या पाण्यासारखी असते. तिला बांध घातला तर ती दुसरी वाट शोधते.

मोटारीच्या कारखानदारांनीही एकदा असा बांध घालून पाहिला. १९५६ च्या आपल्या गाड्यांसाठी क्रायस्लर कंपनीने फळीखाली बसणारा ग्रामोफोन काढला व त्यास ‘हायवे हाय-फाय’ असे नाव दिले. तबकडी सात इंचांची, फिरण्याचा वेग मिनिटास सोळा आणि दोन-तृतीयांश फेरे. खळग्यात चाक गेले तरी सुई सहसा उडू नये अशी युक्ती त्यात होती. मात्र बाजारातील नेहमीची तबकडी त्यावर चालत नसे. कोलंबिया कंपनी काढील त्या खास तबकड्या आणि त्याच विकत घ्यावयाच्या! गाडी ग्राहकाची, पैसा ग्राहकाचा, पण गाण्यांची यादी कंपनीची. हे यंत्र थोड्याच वर्षांत बंद पडले. त्यात बिघाड पुष्कळ होत हे खरे. पण माणसाला घरी आवडणारे गाणे गाडीत वाजविता येत नसेल तर त्या सोयीचे मोल फार काळ टिकत नाही, हेही तितकेच खरे.

खरी क्रांती केली ती हातात मावणाऱ्या कॅसेटने. फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधील कारखान्यात लू ऑटन्स ह्या डच अभियंत्याच्या देखरेखीखाली ती सिद्ध झाली आणि १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. फितीची रुंदी चार मिलिमीटरहूनही कमी, चाल सेकंदास पावणेपाच सेंटिमीटर. पण तिचे खरे सामर्थ्य मापात नव्हते, मोकळेपणात होते. फिलिप्सने इतर कारखानदारांस ती शुल्कावाचून बनवू दिली, अट एवढीच की माप व घडण बदलावयाची नाही. परिणामी जपानातील कॅसेट हॉलंडच्या यंत्रात व नांदेडातील कॅसेट मुंबईच्या मोटारीत सारखीच वाजू लागली. शिवाय तीवर कोणालाही आपला आवाज भरता येई. तबकडी काढण्यास कारखाना लागे. कॅसेट भरण्यास टेपरेकॉर्डर पुरे होई.

हिंदुस्थानात ह्याचे परिणाम १९८० च्या सुमारास जाणवू लागले. तोवर तबकड्यांच्या धंद्यावर हिज मास्टर्स व्हॉइस ह्या एका कंपनीचे जवळजवळ एकछत्री राज्य होते, आणि तिचे मुख्य लक्ष चित्रपटसंगीताकडे असे. कॅसेट आल्यावर लहान लहान कंपन्या गावोगावच्या गायकांची गाणी काढू लागल्या. पीटर मॅन्युएल ह्या अमेरिकन संगीताभ्यासकाने उत्तर हिंदुस्थानातील ह्या घडामोडींवर १९९३ साली एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. महाराष्ट्रात त्याचा विशेष लाभ झाला तो लोकगीतांना, भक्तिगीतांना आणि भीमगीतांना. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ह्यांचे आवाज ज्या वस्त्यांत सभेच्या निमित्ताने वर्षातून एकदा पोहोचत ते आता रोज ऐकू येऊ लागले. नामदेवांच्या नर्सीवरून जाणाऱ्या जीपगाडीत नामदेवांचाच अभंग ऐकू यावा, हा योगही कॅसेटनेच सुलभ केला. मोटारीतील टेप हे ह्या प्रसाराचे मोठे साधन ठरले. ट्रकवाल्याची रात्र, काळ्या-पिवळ्या जीपगाडीतील दाटीवाटीचा प्रवास, लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी, सर्वत्र टेप हा हवाच.

ही केवळ करमणुकीची बाब नव्हती, हे मराठवाड्यात तरी निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे तो प्रश्न धुमसत राहिला. कॅसेटचा भरभराटीचा काळ नेमका हाच. अशा दिवसांत भररस्त्यावरून जाणाऱ्या गाडीत कोणते गाणे मोठ्याने लागते ह्यास अर्थ होता. ते लावणाऱ्यास धैर्य लागे आणि ऐकणाऱ्यास ते दिलासा देई. हा प्रश्न अगदी जुना झाला असेही नाही. २०१५ साली शिर्डी येथे भ्रमणध्वनीच्या घंटीस लावलेल्या भीमगीतावरून एका दलित तरुणाचा खून झाल्याच्या वृत्ताने सारा महाराष्ट्र हळहळला. आपले गाणे आपल्या इच्छेने वाजविता येणे ही गोष्ट किती मोठी असू शकते हे ह्यावरून दिसते.

दरम्यान खिशातील वाद्यपेटीचा जन्म झाला होता. १ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला. १९८४ साली त्याच कंपनीचा, तबकडी वाजविणारा, डिस्कमन आला. १९९० नंतरच्या दशकात जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने पुढे आणलेल्या एमपी-थ्री पद्धतीमुळे गाणे आकड्यांच्या रूपाने अत्यंत थोड्या जागेत साठविता येऊ लागले. आणि ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपल कंपनीच्या आयपॉडने हजार गाणी मुठीत आणून दिली. पूर्वी ज्या संग्रहास कपाट लागे तो आता सदऱ्याच्या खिशात मावू लागला.

परंतु ह्याच काळात मोटारीचे दार मात्र बंद होत गेले. पूर्वी रेडिओसाठी फळीत सुमारे १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच असे एकाच मापाचे खाच असे. हे माप जर्मनीत ठरले व पुढे जगभर रूढ झाले. त्यामुळे जुने यंत्र काढून बाजारातील दुसरे बसविणे सोपे जाई. पुढे कारखानदार स्टिरिओ फळीतच ओतून बसवू लागले, त्याचा आकार गाडीगणिक वेगळा होऊ लागला. चोरीच्या भयाने त्यास गुप्त अंकांचे कुलूपही घालण्यात आले. बॅटरीची तार एकदा सुटली की अंक सांगितल्याविना यंत्र मुके राही. आणि बाहेरून गाणे आत घेण्याचे छिद्र तर बहुतेकांत नव्हतेच. ज्याचे यंत्र उत्तम चालत आहे त्याने ते उपटून का टाकावे? येथेच तारेचा इतिहास सुरू होतो.

पहिली युक्ती सर्वांत चतुर होती. कॅसेटच्या आकाराची एक पोकळ डबी, तिच्यातून निघालेली एक बारीक तार आणि तारेच्या टोकास साडेतीन मिलिमीटर जाडीची खुंटी. खुंटी वॉकमन वा आयपॉडमध्ये खुपसावयाची व डबी गाडीच्या टेपमध्ये सरकवावयाची. टेपचे शीर्ष हे वस्तुतः फीत ओळखीत नाही. त्याच्यासमोर बदलते चुंबकीय क्षेत्र आले म्हणजे त्यापासून ते विजेचा प्रवाह निर्माण करते एवढेच. फितीवर हे क्षेत्र कणांच्या रूपाने साठविलेले असते. डबीत फितीच्या जागी दुसरे एक शीर्ष बसविलेले असून ते खिशातील यंत्राकडून आलेल्या प्रवाहाचे तसेच क्षेत्र तयार करते. दोन शीर्षे समोरासमोर येतात आणि गाणे, मधल्या फितीवाचून, एकाकडून दुसऱ्याकडे उडी घेते. काही कापावयाचे नाही, काही डाग द्यावयाचा नाही. खोट्या फितीने खऱ्या शीर्षास फसवावे आणि त्यात कोणाचेच नुकसान होऊ नये, असा हा निरुपद्रवी कपटप्रयोग होय.

दुसरी युक्ती बिनतारी. सिगारेट पेटविण्याच्या खाचेत बसणारे एक चिमुकले प्रक्षेपक यंत्र गाणे एफ.एम. लहरींवर सोडते आणि गाडीचा रेडिओ ते हातभर अंतरावरून पकडतो. म्हणजे प्रवाशाचे स्वतःचे नभोवाणी केंद्रच! मोठ्या शहरांत मोकळी जागा शोधावी लागते, कारण तेथे केंद्रांची दाटी असते. आडवळणाच्या सडकेवर, जेथे केंद्रे मोजकीच ऐकू येतात, तेथे ही सोय शहरापेक्षा बरी चालते. एरवी खेड्याच्या वाट्यास आलेली उणीव येथे त्याच्या पथ्यावर पडली आहे.

तिसरी वाट खऱ्या कारागिराची. स्टिरिओ फळीतून बाहेर काढावयाचा आणि त्याच्या पाठीमागे तार जोडावयाची. कित्येक गाड्यांत सामानाच्या कप्प्यात सहा वा अधिक तबकड्या ठेवण्याचे यंत्र बसविण्याची तरतूद असे. त्याच्यासाठी स्टिरिओच्या पाठीशी एक जोडणी मोकळीच असे. डावा आवाज, उजवा आवाज व जमीन अशा तीन तारांवाटे गाणे आत जावे हे उघड. परंतु काही स्टिरिओ इतके सावध असत की, तबकड्यांचे यंत्र खरोखरीच जोडले आहे असा सांकेतिक निरोप आल्याविना ते ही वाट उघडीतच नसत. नाक्यावरचा शिपाई दस्तकावाचून सोडीत नसे, तसलाच हा प्रकार. तेव्हा तो निरोप हुबेहूब पाठविणारी छोटी यंत्रेही निघाली. जेथे ही सोय नसे तेथे टेपच्या शीर्षानंतरच्या वर्धकातून निघून आवाजाच्या बटणाकडे जाणाऱ्या तारांस डाग देऊन गाणे आत सोडीत; मग टेप चालू ठेवण्यासाठी त्यात एक कोरी कॅसेट फिरत ठेवावी लागे.

ह्या कामात नाणेबदलाचा प्रश्नही येतोच. खिशातील यंत्राचा प्रवाह कानाशी धरावयाच्या स्पीकरसाठी तयार केलेला असतो, तर स्टिरिओच्या आतील मंडलास निराळ्या पातळीचा प्रवाह लागतो. खिशातील आवाज फार चढविला तर गाणे फाटते, फार उतरविला तर खरखर वर येते. शिवाय डबीस गाडीच्याच बॅटरीवरून वीज दिली तर जमिनीच्या दोन वाटा होतात आणि इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी एक शीळ गाण्यात मिसळते. मध्ये एक लहानसे ट्रान्सफॉर्मर बसविले की दोन्ही मंडलांस विजेचा प्रत्यक्ष स्पर्श न होता गाणे तेवढे पलीकडे जाते. सुज्ञ कारागीर प्रथम बॅटरीची ऋण तार सोडतो, कुलुपाचे अंक मालकास विचारून ठेवतो आणि फ्यूजवाचून कोणतीही तार जोडीत नाही. ज्यांनी हे केले नाही त्यांच्यापैकी पुष्कळांनी स्टिरिओ जाळून शिक्षण घेतले.

लोकांनी सरहद्द इतक्या ठिकाणी ओलांडली की अखेर कारखानदारांनीच दार उघडले. २००४ साली बी.एम.डब्ल्यू. कंपनीने आयपॉडसाठी जोडणी देऊ केली. पुढे साडेतीन मिलिमीटरचे छिद्र साध्या गाड्यांतही येऊ लागले. आपल्याकडे तोवर भ्रमणध्वनी हीच खिशातील वाद्यपेटी झाली होती. नखाएवढ्या स्मरणपट्टीत शे-दोनशे गाणी भरून देण्याचा धंदा तालुक्याच्या गावी भ्रमणध्वनीच्या दुकानांत चालू लागला आणि भीमगीते, अभंग, लावण्या ह्या नव्या वाहनावर आरूढ झाल्या. त्यानंतर ब्लूटूथ आले. डेन्मार्क व नॉर्वे एका छत्राखाली आणणाऱ्या दहाव्या शतकातील हॅराल्ड ब्लूटूथ ह्या राजाचे हे नाव, भिन्न यंत्रांस एकत्र आणणाऱ्या पद्धतीस शोभते खरे. तार अनावश्यक झाली. २०१६ साली ॲपलने तर आपल्या नव्या भ्रमणध्वनीतून खुंटीचे छिद्रच काढून टाकले.

मग सरहद्द नाहीशी झाली काय? तसे म्हणता येत नाही. आज पुष्कळ गाणी श्रोत्याच्या मालकीची नसून मासिक वर्गणीवर दूरच्या भांडारातून येतात. भांडाराने एखादे गाणे काढून टाकले तर ते गाडीतूनही नाहीसे होते. ज्या गायकाचे गाणे कोणत्याही भांडारात गेलेच नाही त्याला तर वाटच नाही. आणि कॅसेटच्या काळातील लहान कंपन्यांनी काढलेल्या, किंवा गावच्या भजनी मंडळाने हौसेने भरून ठेवलेल्या, अनेक फितींची स्थिती हीच आहे. फीत अमर नसते. दमट हवेने तीवर बुरशी धरते, थर सुटतो, गुंडाळी चिकटते.

म्हणून त्या साध्या तारेचे काम अजून संपलेले नाही. केवळ तिची दिशा बदलावयाची आहे. पूर्वी तिने खिशातील नवे गाणे गाडीतील जुन्या टेपमध्ये नेले. आता तिने जुन्या टेपमधील गाणे नव्या यंत्रात आणावयाचे. ज्या घरात अशा फिती ट्रंकेत पडल्या असतील त्यांनी टेपचे शीर्ष स्पिरिटच्या बोळ्याने स्वच्छ करावे, फीत एकवार पुढे व मागे सावकाश गुंडाळून मोकळी करावी, टेपच्या कर्णयंत्राच्या छिद्रातून तार संगणकाच्या आवाज-ग्रहणाच्या छिद्रात जोडावी आणि गाणे भरून घ्यावे; कॅसेटवर गायकाचे, गावाचे व वर्षाचे जे टिपण असेल तेही त्यासोबत लिहून ठेवावे. खर्च थोड्या रुपयांचा आणि वेळ एका दुपारचा. फीत झडून गेल्यावर मात्र कोणत्याही मोलाने ते गाणे परत मिळणार नाही.